काकीचा अर्ज

आमच्या माळ्यावर एक जुनी पत्र्याची पेटी आहे. ती माझ्या काकीची. काकीला जाऊन या थंडीत दोन वर्षे झाली. मध्यंतरी भाताची पोती हलवताना पेटी खाली काढली. आत दोन लुगडी, काकांचा एक फोटो, चष्म्याचे घर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक निघाले. पासबुकात दर महिन्याची एकेक ओळ. आधी हजार, मग पंधराशे. ओटीवर बसून मी त्या ओळी मोजल्या, आणि मोजता मोजता माझ्या मनात आले, की खरे तर या पासबुकात आणखी शंभरएक ओळी असायला हव्या होत्या. त्या नाहीत, त्याला कारण मी. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

आम्ही पालघर तालुक्यातले, मनोरच्या बाजूचे भातशेती करणारे लोक. खरिपाला भात, सूर्याच्या कालव्याचे पाणी पोचते तेवढ्या तुकड्यात उन्हाळी भात किंवा भाजी, वरकस जागेत थोडी नागली. घरात दोन भाऊ. माझे बाबा थोरले आणि काका त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. काकांना मूलबाळ झाले नाही. २०११ च्या पावसाळ्यात काविळीने काका गेले, तेव्हा काकी सत्तेचाळीस वर्षांची होती. ती आमच्याच घरात राहिली. आवणीला ती सगळ्यांच्या पुढे, कापणीला ती पुढे. माझी दोन्ही मुले तिच्याच मांडीवर वाढलेली.

दुसऱ्या वर्षी गावच्या अंगणवाडीच्या ताई एकदा घरी आल्या. म्हणाल्या, "दादा, काकींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरा. विधवा आहेत, मूल नाही, नावावर काही नाही. महिन्याला सहाशे रुपये मिळतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "निराधार? मग आम्ही काय मेलो आहोत? आमच्या घरात दोन वेळचं जेवण आहे. आमच्या घरची बाई सरकारच्या दारात जाणार नाही. पुन्हा हा विषय काढू नका."

ताई चहा न घेता गेल्या. काकी आत सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सगळे ऐकले होते. ती काही बोलली नाही, पाखडत राहिली.

ही गोष्ट गावात पसरली आणि माझे नाव झाले. 'पुतण्या असावा तर असा' म्हणून लोकांनी वाखाणले. मलाही बरे वाटले. एका बाईचा आधार मीच आहे, हे चार लोकांनी म्हटलेले कुणाला आवडत नाही?

आता त्या बाईचे काय झाले ते ऐका. जेवणाचे हाल कधीच झाले नाहीत, हे खरे. पण माणसाला जेवणाशिवाय काही लागते की नाही? मनोरच्या बाजाराला निघाले की काकी माझ्या बायकोजवळ हळूच म्हणे, "मिश्रीची पुडी आण गो." भाऊबीजेला माहेरी जायचे तर एस.टी.चे भाडे मागावे लागे. मी कधी नाही म्हटले नाही. पण मी 'हो' म्हणेपर्यंत तिला उभे राहावे लागे, आणि ते उभे राहणे मला दिसतच नव्हते. डोळ्यांनी कमी दिसू लागले तरी दोन वर्षे तिने चष्म्याचे नाव काढले नाही. सुईत दोरा ओवायला माझ्या मुलीला हाक मारी आणि म्हणे, "आताचे दोरेच जाड येतात."

२०१४ साली तिच्या भावाच्या मुलीचे लग्न होते, विक्रमगडच्या बाजूला. भाऊ स्वतः बोलवायला आला. काकी गेली नाही. "गुडघे दुखतात, गाडीत चढवत नाही," म्हणाली. आम्हाला ते खरे वाटले. पुष्कळ वर्षांनी माझ्या बायकोने सांगितले, की गुडघे दुखत नव्हते. भाचीला आहेर करायला तिच्याजवळ साडीचे पैसे नव्हते. आणि ते माझ्याजवळ मागायला तोंड नव्हते, कारण त्याच महिन्यात मी भाताच्या बियाण्याला पैसे नाहीत म्हणून कुरकुर करत होतो.

ही लाज आमच्या घरात आली कुठून, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तेव्हा लहानपणचे एक वर्ष आठवले.

मी सहावीत असेन. म्हणजे १९८२ च्या आसपास. त्या साली पाऊस लवकर गेला, हळवे भात कसेबसे आले आणि गरवे पोचट निघाले. दिवाळीनंतर घरात दाण्याची ओढ लागली. आई आणि काकी सकाळी लवकर उठून, भाकर बांधून 'लाकडांना जातो' म्हणून बाहेर पडत आणि दिवस मावळता परत येत. काकी तेव्हा नवी नवरी. एकदा शाळेतल्या दोस्तांबरोबर बोरे पाडायला दोन गावे ओलांडून गेलो, तर तिथे रस्त्याचे काम चालले होते. वारल्यांच्या, कातकऱ्यांच्या बायका रांगेने बसून खडी फोडत होत्या. त्यांच्यात पदर नाकापर्यंत ओढून बसलेल्या दोघी मी ओळखल्या. आईनेही मला पाहिले. मी हाक मारली नाही. मागे फिरलो.

एक दोस्त म्हणाला, "तुझी आय हमीवर जाते काय?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. घरी आल्यावर आईशी दोन दिवस बोललो नाही. बाबांना सगळे ठाऊक होते, पण ठाऊक नसल्यासारखे ते वागत. त्या वर्षी आमच्या घरात जो दाणा शिजला तो त्या खडीच्या मजुरीचा होता. तो सगळ्यांनी खाल्ला आणि त्याचे नाव कुणी काढले नाही.

आज कळते, की रोजगार हमी ही कुणाची भीक नव्हती. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरला तिचा पहिला प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावातल्या माणसाने काम मागितले तर ते देणे सरकारला बंधनकारक झाले. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवला होता. मुंबईतल्या साहेबाच्या पगारातून दरमहा थोडे कापले जाई आणि ते आमच्या रस्त्यावरच्या खडीला येई. पुढे २००५ साली अख्ख्या देशासाठी असा कायदा झाला, तो महाराष्ट्राच्या या कायद्याकडे बघून. म्हणजे माझी आई आणि काकी कायद्याने मिळालेल्या कामावर, घाम गाळून, मोजून दिलेले दाम घेत होत्या. तरी त्यांनी तोंडावर पदर ओढला. तो पदर माझ्यासारख्यांच्या नजरेसाठी होता.

आता दुसरी बाजू. आमची ही जी जमीन आहे, ती कुठून आली? माझे आजोबा खोताचे कूळ होते. १९५७ च्या १ एप्रिलला कूळकायद्याने कसणाराला जमिनीचा मालक ठरवले. आजोबा तेव्हा हयात नव्हते, म्हणून नाव लागले ते माझ्या बाबांचे. सरकारने ठरवून दिलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरली आणि आम्ही मालक झालो. बाजारभावाने ती जमीन आम्हाला सात पिढ्यांत घेता आली नसती. पण आमच्या घरात कुणी कधी म्हटले नाही की 'सरकारने दिली'. आम्ही म्हटले, 'हक्काची मिळाली.' आणि ते खरेच होते.

पण त्या वेळी काका दोन वर्षांचे होते. त्यांचे नाव सातबारावर लागायचे राहिले. बाबा गेल्यावर माझे नाव लागले. काकांनी कधी वाटा मागितला नाही, मी कधी विषय काढला नाही. वाचकहो, आता खरे सांगतो. त्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंवर मी जो भडकलो, त्यात अब्रू होती, पण तिच्या तळाशी भीती होती. अर्जात लिहावे लागणार होते, की या बाईच्या नावावर काही नाही. मग कुणीतरी विचारले असते, का नाही? मी त्या प्रश्नाला भीत होतो, आणि त्या भीतीला मी 'घराण्याची इज्जत' असे नाव दिले होते.

नावाची गंमतच आहे. मला २०१९ सालापासून वर्षाला सहा हजार रुपये मिळू लागले, त्याचे नाव किसान सन्मान निधी. २०२३ साली राज्याने त्यात आणखी सहा हजारांची भर घातली, ती 'नमो शेतकरी महासन्मान'. २०१७ साली कर्जमाफी झाली, तिच्याही नावात सन्मान. २०२४ साली बायकांना महिन्याला पंधराशे सुरू झाले, तेव्हा नाव 'लाडकी बहीण' आणि आमच्या गावातल्या चांगल्या माडीच्या घरांतल्या बायासुद्धा नटूनथटून फॉर्म भरायला गेल्या. कुणाला लाज वाटली नाही, वाटण्याचे कारणही नव्हते. शेतकऱ्याला मिळाले की सन्मान, बहिणीला मिळाले की लाड, आणि नवरा गेलेल्या बाईला मिळाले की ती निराधार! १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना निघाली. काम फार चांगले झाले, पण नाव असे पडले की घेणारीला आधी चारचौघांत कबूल करावे लागते, मला कुणी नाही. ज्या घरात पुतण्या आहे, दीर आहे, त्या घरातल्या बाईने हा शब्द उच्चारणे म्हणजे त्या घराला शिवी दिल्यासारखे. म्हणून किती बाया अर्जच करत नसतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

रेशनचेही तसेच. १९९९ साली राज्यात तीन रंगांची कार्डे आली. पिवळे सर्वांत गरिबाचे, मग केशरी, मग पांढरे. सरकारच्या सोयीचा रंग तो, पण गावात तो माणसाला चिकटला. शाळेत पोरे एकमेकांना 'पिवळा कार्डवाला' म्हणू लागली. ही खोड आपल्याकडचीच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये १६९७ साली कायदा करून मदत घेणाऱ्या गरिबांच्या खांद्यावर कापडी अक्षर शिवायला लावले होते, म्हणजे लांबूनच कळावे. आणि २०१७ साली आपल्याच देशात, राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात, रेशन घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर 'आम्ही गरीब आहोत' अशा अर्थाचे शब्द रंगवले गेले. देणारा हात दाणा देतो आणि दुसऱ्या हाताने कपाळावर डाग लावतो.

आणि आम्ही? आवणीच्या दिवसांत नाक्यावरच्या हॉटेलात बसलो, की आमचे एकच रडगाणे: "रेशन फुकट झालं, आता मजूर कशाला येतोय?" मीही हे शंभर वेळा बोललो आहे. एकदा काकीने मला घरीच हिशेब विचारला. "माणशी किती मिळतं रे?" म्हटले, "महिन्याला पाच किलो." ती म्हणाली, "म्हणजे दिवसाला किती?" मी बोटांवर मोजले. एकशे सदुसष्ट ग्रॅमच्या आसपास. काकी हसली. "चिखलात दिवसभर वाकलेला माणूस एका जेवणात तेवढा तांदूळ खातो. दुसऱ्या जेवणाला आणि मीठ-मिरचीला तो कामाला येणारच. पण आता उपाशी नाही, म्हणून भाव विचारून येतो. तुला त्याचं दुखतंय."

ते खरेच होते. आमच्या पाड्यांवरचा तरुण तारापूरच्या कारखान्यांत जातो, बोईसरला, वसईला बांधकामावर जातो, कारण तिथे दोन पैसे जास्त मिळतात. रेशनचा त्यात काय दोष? आणि आमच्या भागाला तर उपाशी माणसाच्या मजुरीचा इतिहास चांगला ठाऊक आहे. 'खावटी' हा शब्द इथे फार जुना. आषाढ-श्रावणात वारल्याच्या घरातला दाणा संपला की तो सावकाराकडून भात आणी. पिकल्यावर ते दीडपटीने, दुपटीने फेडायचे. नाही फिटले तर अंगाने राबायचे. त्यातून पिढ्यानपिढ्यांची वेठ आली. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्या वेठीविरुद्ध उठाव केला. पुढे सरकारने आदिवासींसाठी खावटी कर्ज काढले, ते सावकाराच्या खावटीतून त्यांची मान सुटावी म्हणून. २०२० साली कोरोनाच्या काळात त्याचे अनुदान झाले, कुटुंबाला चार हजार, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. त्यावर नाक मुरडणाऱ्यांत मी होतो. माझे युरियाचे पोते मला दोनशे सहासष्ट रुपयांना मिळते आणि त्याच्या कित्येक पटीने जास्त पैसे सरकार भरते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. सूर्याच्या धरणाचा खर्च काही मी केलेला नाही, हेही आठवले नाही.

आता २०२० सालाचेच सांगतो. माझा मुलगा बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. मार्चमध्ये सगळे बंद झाले, ठेकेदाराने फोन घेणे सोडले. मुलगा चालत घरी आला. भाजी शेतात पिकून कुजली, बाजार बंद. एप्रिलपासून सरकारने माणशी पाच किलो धान्य वरून फुकट द्यायला सुरुवात केली. आमचे कार्ड केशरी, यादीतले. धान्य तर हवे होते, पण दुकानाच्या रांगेत उभे राहायचे कुणी? मी जाईना, मुलगा जाईना. मी काकीला म्हणालो, "काकी, तू जाऊन येशील का?"

काकीने पिशवी घेतली. दारात थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी त्या आवाजात बोलली.

"मी जाते. पण एक सांगू? रांगेत उभी राहायला मी चालते. माझी लाज तुला चालते. मग माझा अर्ज का चालत नाही?"

ती गेली. मी ओटीवर बसून राहिलो. माझी बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आठ वर्षं मी हेच तोंडात धरून बसले होते. तुमच्या पुढे बोलवत नव्हतं." त्याच दिवशी भाचीच्या लग्नाची खरी गोष्ट मला कळली.

गाड्या सुरू झाल्यावर मी स्वतः कागद गोळा केले. काकांच्या मृत्यूचा दाखला, रहिवासाचा, वयाचा, उत्पन्नाचा. काकीचे रेशनकार्ड वेगळे करावे लागले. तेव्हा गावात बोलले गेले, 'घर फुटलं वाटतं.' चार ठिकाणी खुलासे करावे लागले. एका कचेरीत एक कारकून दारातून ओरडला, "निराधारवाले कोण आहेत? निराधारवाले इकडे या!" बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिले. मी मान खाली घातली. काकी मात्र उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मी आहे." खडी फोडताना तोंडावर ओढलेला पदर मला आठवला. त्या दिवशी तो खांद्यावर होता.

२०२१ मध्ये अर्ज मंजूर झाला आणि हजार रुपये महिना सुरू झाले. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे तिने हात न लावता ठेवले. मग एक दिवस मनोरच्या बाजारातून साडी आणि खण घेऊन आली, आणि एकटीच एस.टी.ने विक्रमगडला गेली. भाचीच्या लग्नाला तोवर सात वर्षे झाली होती, तिचा मुलगा शाळेत जात होता. तरी काकीने आहेर केला. परत आली तेव्हा गुडघे अजिबात दुखत नव्हते.

नंतर चष्मा केला. मिश्रीची पुडी स्वतः आणू लागली. कधी घरात चहापावडर संपली की माझ्या बायकोच्या आधी तीच आणून ठेवी. पैसे थोडेच होते, पण तिचे बोलणे बदलले. जेवताना 'भात अजून वाढ' म्हणू लागली. आधी ती आपल्या ताटात वाढतील तेवढेच खात होती, हेही आम्हाला तेव्हा कळले. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. आमचे नाते तुटले नाही, उलट बरे झाले. मी तिचा पोशिंदा राहिलो नाही, नुसता पुतण्या राहिलो.

आता पासबुकात नसलेल्या ओळी. २०१२ ते २०१९ अशी सात वर्षे, महिना सहाशेप्रमाणे पन्नास हजार चारशे. पुढची दोन वर्षे, महिना हजारप्रमाणे चोवीस हजार. एकूण चौऱ्याहत्तर हजार चारशे. माझ्या एका वाक्याची ही किंमत, आणि ती मी भरली नाही, काकीने भरली. जमिनीत तिचे नाव लावायचे मी मनात आणले होते. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ती गेली. ते देणे माझ्या अंगावर राहिले आहे.

कुणी म्हणेल, खोटे अर्ज करून पैसे लाटणारेही आहेत. आहेत ना! लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत २०२५ साली पुरुषांची आणि सरकारी नोकरांची नावे निघाली, ती आपण वाचलीच. पण नीट पाहा, लाटणाऱ्याला कधी लाज वाटत नाही. त्याला आपण कितीही नावे ठेवली तरी तो रांगेत पुढेच असतो. आपल्या टोमण्यांनी मागे सरकते ती काकीसारखी खरी गरजू बाई. चोराला पकडायचे काम कचेरीचे आहे, त्यासाठी शेजारणीचे तोंड काळे करण्याचे कारण नाही.

म्हणून एवढेच सांगणे. तुमच्या घरात, भावकीत, आळीत एखादी नवरा गेलेली, एखादी टाकलेली, एखादा अपंग असेल तर तुम्हीच विषय काढा. त्यांनी मागायची वाट पाहू नका. तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत संजय गांधी योजनेच्या टेबलावर चौकशी करा. पासष्टच्या पुढे वय असेल तर श्रावणबाळ योजना आहे. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा व वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक एवढे जवळ ठेवा. आणि मुख्य म्हणजे बरोबर जा. एकट्या बाईला त्या दारात जो शब्द टोचतो, तो बरोबर माणूस असले की निम्मा होतो.

गेल्या आवणीनंतर आमच्याकडे कामाला येणाऱ्या पाड्यावरच्या एका बाईला घेऊन मी कचेरीत गेलो होतो. तिचा नवरा वीटभट्टीवर गेला असताना वारला. पदरात दोन लेकरे. बाकावर बसलो होतो, तेवढ्यात आतून हाक आली, "निराधारवाले!" ती बाई घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "आलो." ओळखीचे दोघे-तिघे तिथे होते. त्यांनी पाहिले असेल. पाहू दे.